कडी कोणत्या बाजूला?

स्त्रियांची आणि पुरुषांची व्यवस्था वेगवेगळी असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे नवा नाही. आमच्या आजोबांच्या ओसरीवर तो चालत असे, वडिलांच्या माजघरात तो चालला, आणि नातवंडांच्या पिढीतही तो संपलेला दिसत नाही. वादाचे स्वरूप मात्र ठरलेले आहे. एक पक्ष म्हणतो की, जेथे वेगळेपणा आला तेथे भेदभाव आलाच. भिंत उभी राहिली की तिच्या एका बाजूस ऊन आणि दुसऱ्या बाजूस सावली पडणारच. दुसरा पक्ष म्हणतो की, स्त्रीपुरुषांतील भेद निसर्गानेच केलेला आहे. त्यास अनुसरून निराळी सोय केली तर त्यात अपमान तो कसला? दोन्ही पक्ष सुशिक्षित असतात, दोघांजवळही दाखले असतात, आणि चहा निवून गेला तरी वाद काही निवत नाही. प्रस्तुत लेखकाने अडतीस वर्षे मास्तरकी केली. मुलामुलींस एकत्र बसवून शिकवले आणि निरनिराळे बसवूनही शिकवले. त्यामुळे या प्रश्नासंबंधी माझी काही मते बनली आहेत. ती मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाची आहेत, पंडिताची नव्हेत, हे ध्यानात ठेवून वाचकांनी ती पारखून घ्यावीत.

प्रथम शब्दाचा विचार करू. संस्कृत शिकवणाऱ्याची ती खोडच असते. ‘भेद’ या शब्दात कमीअधिकपणा नाही. आंबा आणि फणस यांत भेद आहे, म्हणून त्यांपैकी एकास कोणी हलके लेखीत नाही. ‘भेदभाव’ म्हटले की मात्र वाटणी करणाऱ्याचे मन त्यात आले. एकाच्या पानात साजूक तूप आणि दुसऱ्याच्या पानात नुसता भात, हे आले. तेव्हा खरा प्रश्न असा की, भेदातून भेदभाव केव्हा निपजतो? प्रत्येक वेळी निपजतो काय? आणि भेद पुसून टाकला म्हणजे भेदभावही आपोआप पुसला जातो काय?

आपल्या प्राचीन वाङ्मयात दोन्ही तऱ्हेच्या व्यवस्थांच्या खुणा आढळतात. व्याकरणकारांनी ‘आचार्यानी’ आणि ‘आचार्या’ असे दोन शब्द कटाक्षाने निराळे ठेवले आहेत. पहिली म्हणजे आचार्यांची पत्नी. दुसरी म्हणजे जी स्वतः शिकवते ती. शिकवणारी स्त्री कोणी पाहिलीच नसती, तर हा दुसरा शब्द घडवण्याची यातायात कोणी केली असती? पाणिनीच्या एका सूत्रात ‘छात्री’ आणि ‘शाला’ या शब्दांच्या समासाचा स्वर सांगितला आहे. त्यावरून विद्यार्थिनींसाठी निराळी वसतिस्थाने असावीत, असे काही विद्वानांनी अनुमान केले आहे. उलट भवभूतीच्या नाटकांत पाहावे, तर ‘मालतीमाधवा’तील कामंदकी ही भूरिवसू आणि देवरात यांच्यासह एका गुरूपाशी शिकलेली आहे, आणि ‘उत्तररामचरिता’तील आत्रेयी वाल्मीकींच्या आश्रमात कुशलवांच्या बरोबरीने शिकत होती. ती तेथून निघाली, ती कोणी घालवून दिले म्हणून नव्हे. त्या दोघा मुलांची बुद्धी इतकी तीव्र की त्यांच्या बरोबरीने चालणे कठीण, आणि गुरू रामायणाच्या रचनेत गढलेले, म्हणून ती अगस्त्यांच्या आश्रमाकडे वेदान्त शिकावयास गेली. वाट तिची, निर्णयही तिचाच.

परंतु भेदभाव कसा निपजतो, हेही त्याच वाङ्मयात दिसते. बृहदारण्यकोपनिषदात विदुषी कन्या व्हावी अशी इच्छा असणाऱ्या दांपत्याने तीळतांदूळ शिजवून, त्यात तूप घालून तो भात खावा, असे सांगितले आहे. पुत्राच्या बाबतीत जो ‘पंडित’ शब्द, तोच कन्येच्या बाबतीतही आहे. भाष्यकार शंकराचार्य मात्र तेथे खुलासा करतात की, कन्येचे पांडित्य हे गृहकृत्यापुरते समजावे, कारण तिला वेदाचा अधिकार नाही. आचार्यांविषयी पूर्ण आदर बाळगूनच मी म्हणतो की, मूळ वाक्यात ही मर्यादा नाही. शब्द एकच, पण ताटे दोन झाली. मधल्या काळात समाजाने जी भिंत घातली, तिची सावली भाष्यावर पडली, एवढाच याचा अर्थ.

आता जुन्या काळातून आमच्या घरात येतो. माझ्या आत्याबाईंचा जन्म १९२२ सालचा. आजोबा कडक; मुलग्यांच्या शाळेत मुलगी पाठवणे त्यांच्या स्वप्नातही आले नसते. पण गावात मुलींची निराळी शाळा होती, शिकवणाऱ्या बाई होत्या. म्हणून आत्याबाई शाळेत गेल्या, फायनलची परीक्षा पास झाल्या, आणि पुढे अकाली वैधव्य आल्यावर मास्तरीण होऊन स्वतःच्या दोन मुलांस त्यांनी मार्गी लावले. ती निराळी शाळा नसती, तर आत्याबाईंचे आयुष्य चुलीपुढे आणि दुसऱ्याच्या दारी गेले असते. भिंत होती, पण त्या भिंतीच्या आडोशानेच त्यांना ऊन लागू दिले नाही.

आत्याबाईंसारख्या हजारो स्त्रियांची हीच कथा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली, ती मुलींची. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुजूरपागेची शाळा काढली, तीही मुलींची. आणि मुलींस इंग्रजी व इतर उच्च विषय शिकवल्यास घरसंसाराची घडी विस्कटेल, अशी टीका तिच्यावर पुष्कळ झाली. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ. या थोर पुरुषांस आणि स्त्रियांस भेदभाव वाढवावयाचा होता, असे कोण म्हणेल? बंद दारापुढे उभ्या असलेल्या मुलींसाठी त्यांनी दुसरे दार पाडले.

तथापि या निराळ्या दाराची किंमतही त्या मुलींनी मोजली, हे विसरता कामा नये. १९१६ साली निघालेल्या या विद्यापीठास कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाचा दर्जा १९५१ साली मिळाला. मधली पस्तीस वर्षे तेथल्या पदवीमागे विदुषींची मेहनत होती, पण कायद्याचे पाठबळ नव्हते.

आमच्याच घरातली दुसरी कथा याच्या नेमकी उलट आहे. माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. गणितात तिची बुद्धी अशी चाले की, भूमितीचे जे प्रमेय मला तासभर छळी, ते ती भाजी निवडता निवडता सोडवून दाखवी. ती आठवीत गेली, त्या वर्षी शाळेने मुलींची तुकडी निराळी केली. हेतू चांगला होता. मुली वाढत्या वयाच्या, पालकांस निश्चिंतता हवी. परंतु शाळेत वरचे गणित शिकवणारे मास्तर एकच होते. ते मुलग्यांच्या तुकडीस मिळाले. मुलींच्या वेळापत्रकात त्या तासाला साधे अंकगणित आणि गृहशास्त्र आले. ताई मॅट्रिकला केंद्रात पहिल्या पाचांत आली. पण बीजगणित-भूमिती हे विषय नसल्यामुळे सायन्सला जाण्याची तिची वाट तेथेच बंद झाली. शाळेत कोणी दुष्ट नव्हते. मुलींस गणित शिकवू नये, असा ठराव कोणी केला नव्हता. मास्तर एक आणि तुकड्या दोन, एवढेच घडले होते.

या प्रसंगाचा मी आयुष्यभर विचार करीत आलो आहे, आणि मला त्यातून एक गोष्ट उमगली. वस्तू मुबलक असेल तोवर वेगळेपणा निरुपद्रवी दिसतो. टंचाई आली की, तो कोणाच्या बाजूचा आहे ते कळते. शिक्षक एक, प्रयोगशाळा एक, क्रीडांगण एक. दोन तुकड्यांपैकी कोणाला द्यावयाचे? तेव्हा जो समाजात आधीच पुढे आहे, त्याच्याकडे ती वस्तू ओघानेच जाते, आणि देणाऱ्यास आपण काही अन्याय करीत आहो असे वाटतदेखील नाही.

येथे पहिल्या पक्षाचे वाचक मान डोलावून म्हणतील, ‘मग भिंतीच पाडाव्या, सर्वांस एकत्र बसवावे, म्हणजे झाले!’ परंतु नुसत्या एकत्र बसण्याने न्याय होतो, असाही अनुभव नाही. १८८०च्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी ही तरुणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलग्यांमध्ये बसून शिकली आणि पदवीच्या परीक्षेत सर्वांच्या पुढे गेली. त्या यशाबद्दल विलायतेस जाऊन शिकण्याची जी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची, ती मात्र ती स्त्री म्हणून तिला नाकारण्यात आली. पुढे हितचिंतकांच्या मदतीने ती ऑक्सफर्डला गेली, १८९२ साली तेथील कायद्याची परीक्षा तिने दिली; परंतु ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांस पदव्याच देत नव्हते. तो नियम १९२० साली बदलला आणि तिच्या हाती पदवी पडली ती १९२२ साली, तीस वर्षांनी. बाक एक, प्रश्नपत्रिका एक, आणि फळ मात्र निराळे.

उलटपक्षी, काही ठिकाणी वेगळेपणा न करणे हाच अन्याय होतो. खेड्यापाड्यांच्या शाळांत मी नोकरी केली आहे. जेथे मुलींसाठी निराळे स्वच्छतागृह नव्हते, तेथे सातवीनंतर मुली एकेक करून पटावरून कशा नाहीशा होत, हे मी हजेरी घेताना पाहिले आहे. कारण कोणी बोलून दाखवीत नसे. ‘घरी काम आहे’ एवढेच उत्तर येई. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलांसाठी व मुलींसाठी निराळी स्वच्छतागृहे शाळेस बंधनकारक केली, ती उगीच नव्हे. तेथे भिंत हवीच होती.

तर मग कोणता वेगळेपणा चांगला आणि कोणता वाईट, हे ओळखावे कसे? मला सुचलेली कसोटी अगदी घरगुती आहे. खोलीचे दार लावलेले असले, तर कडी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. आतून लावलेली कडी हा आडोसा असतो. आतले माणूस मनात येईल तेव्हा ती काढून बाहेर येऊ शकते. बाहेरून लावलेली कडी ही कोंडी असते, मग आत गादीगिरद्या कितीही घातलेल्या असोत.

मुंबईच्या लोकलगाडीतला स्त्रियांचा डबा घ्या. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी सबंध गाडीच स्त्रियांसाठी सुरू झाली. पण म्हणून स्त्रियांस इतर डब्यांत बसण्याची मनाई नाही. जिला गर्दीत धक्के नकोत ती तेथे बसते. जिला भावाबरोबर वा नवऱ्याबरोबर जावयाचे ती दुसरीकडे बसते. कडी आतून आहे. आता १९३३ साल आठवा. मुंबई विद्यापीठातून उत्तम रीतीने बी. एस्सी. झालेल्या कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष उमेदवारीवर घेऊ, आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा अटी घालून त्यांस घेण्यात आले. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे तेथे इतर मुलींसही वाट मिळाली. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. रामन यांच्यासारखा जगद्वंद्य शास्त्रज्ञही बाहेरून कडी लावू शकतो, आणि ती कडी उघडली की विज्ञानाचे काहीच बिघडत नाही, हे दोन्ही या एका उदाहरणात आले.

आपल्या राज्यघटनेनेही हा विवेक राखला आहे. पंधराव्या अनुच्छेदात शासनाने लिंगावरून कोणासही भेदभावाने वागवू नये असे म्हटले आहे, आणि त्याच अनुच्छेदात स्त्रियांसाठी व बालकांसाठी खास तरतुदी करण्यास मुभा दिली आहे. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील. पण आत्याबाई आणि ताई या दोघींच्या कथा शेजारी ठेवल्या की विरोध उरत नाही. दार उघडणारी तरतूद वेगळी आणि दार लावणारी वेगळी.

येथे दुसऱ्या पक्षाचे वाचक विचारतील, ‘मुलीबाळींच्या रक्षणाचे काय? जग चांगले नाही.’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. घरात मुली असलेल्या कोणत्याही माणसास तो नेता येणार नाही. परंतु रक्षणाच्या नावाखाली काय काय होते, तेही पाहावे. मद्य दिले जाते अशा जागी स्त्रियांस नोकरी देऊ नये, असे १९१४ सालच्या पंजाबच्या अबकारी कायद्यात एक कलम होते. उपाहारगृहव्यवस्थेचे शिक्षण घेतलेल्या मुलींची वाट त्यामुळे अडली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले. त्यातले तत्त्व साधे आहे: जागा असुरक्षित असेल, तर ती सुरक्षित करावी, मुलीस तिच्या रोजगारातून उठवू नये. चोराच्या भयाने आपण आपलेच माणूस कोंडून ठेवले, तर शिक्षा कोणास झाली?

पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तर आपल्या अगदी अंगणातली. २०२१ सालापर्यंत तिच्या प्रवेशपरीक्षेस केवळ मुलगे बसू शकत. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींस परीक्षा खुली झाली, आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली तेथील शिक्षण पुरे करून दीक्षान्त संचलनात मुलांच्या बरोबरीने चालल्या. मुलींस हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्याआधी मुलींस प्रयत्न करू दिला होता कोठे?

आता घरच्या प्रश्नाकडे येतो. कारण हा लेख लिहिण्यास तोच निमित्त झाला. आमची थोरली नात यंदा दहावी झाली. तालुक्याच्या गावी केवळ मुलींचे एक कनिष्ठ महाविद्यालय आहे, घरापासून चालत दहा मिनिटांवर. दुसरे, मुलामुलींचे, बारा किलोमीटरवर, एस. टी. ने जावे यावे लागते आणि हिवाळ्यात परतताना अंधार पडतो. धाकटे बंधू म्हणाले, ‘जवळचे बरे.’ सूनबाईंनाही मनातून तेच हवे होते. चिरंजीव दोन्हीकडून बोलत होते. ताई त्या दिवसांत माहेरपणास आली होती. वय आता सत्तरीपलीकडचे. ती इतका वेळ वाती वळीत गप्प बसली होती. वाद रंगला तेव्हा हातातले काम न थांबवता ती एवढेच म्हणाली, ‘तिथे गणित आहे का, ते आधी विचारून या.’

दुसऱ्या दिवशी चिरंजीव विचारून आले. नव्हते. तेथे कला शाखा आणि गृहविज्ञान होते. नातीस गणित हवे होते. प्रश्न तेथेच मिटला. त्या मुलींच्या महाविद्यालयात गणित असते, तर मी स्वतः ‘जवळचे बरे’ म्हणालो असतो आणि त्यात मला काही उणे वाटले नसते. कारण केवळ मुली एकत्र शिकतात एवढ्याने कोणाचे काही जात नाही. नात आता एस. टी. ने जाते. अंधाराचा प्रश्न खोटा नाही. म्हणून सायंकाळच्या गाडीस स्टँडवर उभे राहण्याचे काम मी पत्करले आहे. काळजी वाटते, तर तिचा भार वडीलमाणसांनी उचलावा; तो मुलीच्या शिक्षणातून वजा करू नये.

शेवटी एक गोष्ट आपल्या माजघरातली. सणावारी आपल्याकडे अजूनही आधी पुरुषांची पंगत बसते आणि मागाहून बायकांची. निराळ्या पंगतीस माझा विरोध नाही. बायका आपसांत मोकळ्या बोलतात, मनसोक्त जेवतात, त्यातही एक सुख आहे. परंतु मागची पंगत बसते तेव्हा पुरणपोळी निवालेली असते, कटाची आमटी तळाला गेलेली असते, आणि वाढावयास कोणी उरलेले नसते. हा भेद आहे की भेदभाव, हे ठरवण्यास शास्त्रार्थ नको. पुढच्या सणास पंगती पालटून पाहाव्या. बायकांनी आधी बसावे, पुरुषांनी वाढावे. पालटल्या आणि कोणास काही वाटले नाही, तर तो निव्वळ भेद होता. पालटण्याची नुसती गोष्ट काढताच घरात कुरबूर सुरू झाली, तर काय समजावयाचे ते सुज्ञ वाचक समजतीलच.

आपल्या घरांत, शाळांत, देवळांत, कचेऱ्यांत अशी निराळी दारे पुष्कळ आहेत. ती सगळीच तोडावयास निघणे जसे अविचाराचे, तसे ती पूर्वापार आहेत म्हणून डोळे मिटून त्यांपुढून जाणेही अविचाराचे. प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबावे आणि कडी कोठे आहे ते पाहावे. आतून असेल तर निःशंक पुढे जावे. बाहेरून असेल, तर ती काढण्याचे काम आतल्या माणसाचे नव्हे. त्याचा हात तेथवर पोचतच नाही. ते काम बाहेर उभ्या असलेल्यांचे, म्हणजे आपले आहे.